कर्ज मंजूर, पण पार्किंगमधल्या कॉलमचं काय? डोंबिवलीतल्या एका जुन्या फ्लॅटचं प्रकरण

मी बावीस वर्षं एका बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर होते. निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांच्या फायली बघून देते. पैसे घेत नाही, चहा घेते. हे त्यातलंच एक प्रकरण. माणसांची नावं बदलली आहेत आणि इमारत ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. आकडे मात्र फायलीतलेच आहेत.

पार्श्वभूमी

प्रसाद एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात, मेघना शाळेत शिक्षिका. मेघनाची आई आणि मी एका शाखेत होतो, म्हणून मी तिची मावशी. डोंबिवली पश्चिमेला 14,000 रुपये भाड्याने राहत होते. प्रसादच्या आईचे गुडघे गेलेले, मुलगी पहिलीत. शाळा पूर्वेला, म्हणून पूर्वेलाच घर हवं आणि दुसऱ्या मजल्याच्या वर नको, एवढी अट. नव्या इमारतीतला टू बीएचके त्यांच्या आवाक्यात नव्हता.

2023 च्या ऑगस्टमध्ये एजंटने एक फ्लॅट दाखवला. 1989 ची इमारत, खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर चार बिऱ्हाडं, म्हणजे एकूण सोळा फ्लॅट. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर 560 चौरस फूट कार्पेट, पूर्वेची खिडकी, खिडकीत कडुनिंब. मालक निवृत्त गृहस्थ, मुलाकडे पुण्याला चाललेले. सगळे त्यांना काका म्हणत, इथेही काकाच म्हणते. काकांची मागणी 52 लाखांची होती, 49 वर ठरलं. प्रसादने त्याच आठवड्यात एक लाख रुपये इसार दिला. पावती एजंटच्या छापील नमुन्यावर, अर्ध्या पानाची. व्यवहार खरेदीदाराकडून फिसकटला तर इसार बुडेल, असं एक वाक्य तिच्यात होतं. कर्ज नाही मिळालं तर काय, याबद्दल अक्षरही नव्हतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेचं सँक्शन लेटर आलं: 39 लाख, 20 वर्षं, व्याज 8.6 टक्के, हप्ता सुमारे 34,100. मेघनाने मला फोटो पाठवला. मी उत्तरात पेढ्याचं चित्र टाकलं आणि अभिनंदन केलं. इमारत किती जुनी, हे विचारलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी इतरांना करू नका म्हणून सांगत आलेली चूक आहे.

सँक्शन लेटर म्हणजे बँक एवढंच म्हणत असते की तुमचा पगार, तुमचा सिबिल स्कोअर आणि तुमचे चालू हप्ते बघता एवढं कर्ज तुम्हाला झेपेल. घराबद्दल ती अजून काहीच बोललेली नसते. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वाटप, म्हणजे प्रत्यक्ष पैसे देणं, कायदेशीर आणि तांत्रिक अहवालाच्या अधीन राहील. लोक पहिलं पान वाचतात आणि पेढे आणतात.

अडचण

बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, सप्टेंबरच्या शेवटी आला. फ्लॅटमध्ये पाच मिनिटं, गच्चीवर पाच मिनिटं, आणि मग पार्किंगमध्ये बराच वेळ. प्रसाद सोबत होता. पाण्याच्या टाकीजवळच्या एका कॉलमपाशी, म्हणजे इमारत पेलणाऱ्या खांबापाशी, व्हॅल्युअर उकिडवा बसला. प्लास्टरला खालून वर सरळ उभी भेग होती, अडीच-तीन फुटांची, आणि तिच्या कडेने गंजाचा तपकिरी ओघळ. त्याने खिशातली किल्ली काढून भेगेच्या आजूबाजूला ठोकलं. वर टणटण वाजत होतं, भेगेपाशी बद्द. "ही बिल्डिंग तुम्ही कुणाला दाखवलीत का?" एवढंच विचारून तो फोटो काढून गेला.

आठवड्याने शाखेतून फोन आला. व्हॅल्युअरने किंमत 45 लाख धरली होती. कॉलममध्ये बिघाड दिसतो असा शेरा होता आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य "दुरुस्ती केल्यास 20 वर्षं" असं लिहिलं होतं. शाखेने सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याच्या तपासणीचा, अहवाल मागितला. तोपर्यंत फाइल बाजूला.

इथे दोन गोष्टी एकदम आपटल्या. पहिली पैशांची. 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं, आणि बँक व्यवहाराची रक्कम व व्हॅल्युअरची रक्कम यांतली कमी असेल ती धरते. म्हणजे 39 लाखांचे झाले 36. दुसरी मुदतीची. उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा निदान पाच वर्षं जास्त हवं, असा त्या बँकेचा स्वतःचा नियम होता. वीसातून पाच गेले की पंधरा. आणि तेही "दुरुस्ती केल्यास".

मेघनाने मला त्या रात्री फोन केला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी इमारत बघायला गेले. मी काही इंजिनिअर नाही, पण इतक्या वर्षांत व्हॅल्युअरांचे हजारो अहवाल वाचले आहेत. जिन्याच्या मधल्या टप्प्याच्या स्लॅबचा पापुद्रा सुटून सळई दिसत होती. फ्लॅटमध्ये हॉलला पीओपीचं खोटं छत होतं, त्यामुळे वरची बीम दिसतच नव्हती. आणि घराला ताजा रंग होता. श्रावणात, बाहेर धो-धो पाऊस असताना, भिंतींना रंग कोण काढतं?

सगळ्याच भेगा सारख्या नसतात, हे इथे सांगायला हवं, कारण प्रसादला आता बेडरूममधली प्रत्येक केसासारखी रेघ दिसायला लागली होती. विटांची भिंत आणि बीम जिथे मिळतात तिथली आडवी बारीक रेघ बहुतेक वेळा निव्वळ प्लास्टरची असते. कॉलममध्ये सळईच्या रेषेत जाणारी उभी भेग वेगळी. आत सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि तो काँक्रीटला आतून बाहेर ढकलतो. वरून प्लास्टर मारलं, रंग दिला, तरी आत ते चालूच राहतं.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "ऑडिट झालंय की आमचं." कपाटातून 2017 चा अहवाल निघाला. त्यात पार्किंगच्या कॉलमची दुरुस्ती सुचवली होती. 2018 मध्ये सोसायटीने बाहेरून रंग लावला, गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं आणि विषय संपवला. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. या इमारतीने 2019 मध्ये तिशी ओलांडली होती.

नवं ऑडिट का करत नाही, याचं खरं कारण सेक्रेटरींनी जिन्यात हळू आवाजात सांगितलं. "मॅडम, अहवाल वाईट आला तर महापालिकेची नोटीस येईल, आणि मग आमचे फ्लॅट कोण घेणार?" सोसायटीत दोन तट होते. एकाला दुरुस्ती हवी होती. दुसऱ्याचं म्हणणं, आता पैसे घालू नका, रीडेव्हलपमेंटला जाऊ. दोन्ही तटांनी मिळून सहा वर्षं काहीच केलं नव्हतं.

काकांची बाजूही ऐकली. "मी चौतीस वर्षं राहिलो इथे. माझ्या डोक्यावर एक खडा पडला नाही." ते खोटं बोलत नव्हते. पण 2017 च्या अहवालाच्या सभेच्या इतिवृत्तावर त्यांची सही होती. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगायला हवा. काकांनी सांगितलं नव्हतं. प्रसादने विचारलंही नव्हतं.

पर्याय

एका रविवारी आम्ही तिघं आणि मेघनाचे सासरे वही घेऊन बसलो.

पहिला पर्याय, लाख रुपयांवर पाणी सोडून बाहेर पडायचं. सासऱ्यांचं मत हेच होतं: "बुडाले तर लाख बुडतील. घर पडलं तर काय बुडेल?" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण पुढच्या प्रत्येक आकड्यासमोर ते ठेवून बघावं लागत होतं. अडचण एवढीच की त्या बजेटमध्ये पूर्वेला मिळणारा पुढचा फ्लॅटही साधारण याच वयाच्या इमारतीत असणार होता. तिथले कॉलम बघितलेले नसते, इतकाच फरक.

दुसरा पर्याय एजंटच्या ओळखीतल्या लोनवाल्याने आणला. एका गृहवित्त कंपनीतून 39 च्या 39 लाख, ऑडिट न मागता, 10.25 टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी. हप्ता सुमारे 42,500. वर तो म्हणाला, "व्हॅल्युअर आपलाच आहे, कॉलमचा फोटो येणारच नाही." प्रसाद दोन दिवस याकडे झुकला होता. दमलेला माणूस असाच झुकतो. मी त्याला विचारलं, फोटो आला नाही म्हणून भेग बुजेल का? बँकेचा व्हॅल्युअर बँकेसाठी बघतो, हे खरं. त्याला फक्त एवढंच जाणायचं असतं की कर्ज फिटेपर्यंत तारण उभं राहील का. पण या प्रकरणात इमारतीकडे त्रयस्थ नजरेने बघितलेला तो एकटा माणूस होता. त्यालाच आंधळा करायचा आणि वर दीड-पावणेदोन टक्के जास्त व्याज द्यायचं, हा व्यवहार मला कळेना.

तिसरा, रीडेव्हलपमेंटवर डाव लावायचा. इमारत पडायला आली आहे तर लवकर पाडतील, नवं घर मिळेल, असं शेजारच्या एकाने प्रसादच्या डोक्यात घातलं होतं. कागद बघितले तर सोसायटीचं कन्व्हेयन्सच, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणंच, झालेलं नव्हतं. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर. अशा सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे मालकाने टाळल्यास सरकारी आदेशाने होणारं कन्व्हेयन्स, मिळवून, सभा घेऊन, बिल्डर नेमून पाडकामापर्यंत जायला किती वर्षं लागतात हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. तेवढी वर्षं कॉलम थांबतील का, हा प्रश्न उरतोच. शिवाय पाडकाम झालं तरी जुन्या घराचा हप्ता चालूच राहतो, आणि तारण पाडायला आधी बँकेची परवानगी लागते.

चौथा, सोसायटीकडून ऑडिट करून घ्यायचं, अहवाल येईपर्यंत व्यवहार लांबवायचा, आणि जे निघेल त्याप्रमाणे किंमत नव्याने ठरवायची. वेळखाऊ, आणि सगळं सोसायटीच्या हातात. फ्लॅट काकांचा असला तरी कॉलम सोळा जणांचा. एकट्या खरेदीदाराला त्यावर छिन्नी लावायचा अधिकार नाही.

मला विचाराल तर निर्णय इथे फिरला. आम्ही महिनाभर "हा फ्लॅट घ्यावा का" असं विचारत होतो. खरा प्रश्न होता, ही सोळा बिऱ्हाडं पैसे काढून दुरुस्ती करतील का. करणार असतील तर फ्लॅट घेण्यासारखा होता. नसतील तर फुकटातही नको होता.

काय केलं

आधी इसाराची पावती दुरुस्त केली. काकांना पुण्याला जायची घाई होती, पण दुसरा गिऱ्हाईक आला तरी त्याची बँकही हेच विचारणार, हे त्यांच्या मुलाने फोनवर ऐकलं आणि त्याला पटलं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर पुरवणी लिहिली: मुदत पुढच्या मार्चअखेरपर्यंत, अहवालात इमारत राहण्यास धोकादायक ठरली किंवा तांत्रिक कारणावरून बँकेने कर्ज नाकारलं तर इसार पूर्ण परत. एवढ्या दोन ओळी ऑगस्टमध्ये असत्या तर सप्टेंबरची झोप वाचली असती.

मग सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा. नवखे म्हणून प्रसाद-मेघनाला तिथे बसता येत नव्हतं. काका उभे राहिले. त्यांनी काय केलं ते सांगण्यासारखं आहे. ऑडिटची फी आणि चाचण्या मिळून 85,000 रुपये येणार होते. काका म्हणाले, यातले 25,000 मी आत्ता देतो, पुढे माझ्या वाट्याच्या दुरुस्ती वर्गणीतून वळते करा. पैसे देणारा समोर उभा राहिल्यावर "बघू, पुढच्या सभेत" म्हणणं अवघड झालं. ऑक्टोबरअखेरीस ठराव झाला. दिवाळीनंतर महापालिकेच्या पॅनेलवरचा इंजिनिअर आला.

चाचणीच्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. पार्किंगमध्ये बारा कॉलम. हातोडीसारखं एक यंत्र पृष्ठभागावर दाबून आकडे घेतले. मग कॉलमच्या दोन बाजूंना दोन चकत्या धरून ध्वनिलहरी आरपार किती वेगाने जातात ते मोजलं. चांगल्या काँक्रीटमध्ये हा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असतो, तीनच्या खाली गेला की काँक्रीट शंकास्पद. टाकीजवळचे चार कॉलम तीनच्या खाली भरले. बाकीचे आठ ठीकठाक.

मला आठवतं ते मात्र वेगळंच. इंजिनिअरच्या मदतनीसाने टाकीजवळच्या कॉलमचा एक कोपरा छिन्नीने उडवला, ताज्या तुटलेल्या भागावर बाटलीतून रंगहीन द्रव फवारला आणि आम्हाला जवळ बोलावलं. आतला भाग हळूहळू जांभूळगुलाबी झाला. पण बाहेरच्या कडेचा सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा पट्टा तसाच राखाडी राहिला. तो द्रव फिनॉल्फ्थॅलीनचा, आपण दहावीच्या प्रयोगशाळेत वापरलेला. काँक्रीट अल्कधर्मी असतं तिथे रंग येतो आणि तिथे सळई सुरक्षित असते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जेवढी अल्कता खाल्ली, तेवढा भाग राखाडी. कॉलमच्या सळीवर 40 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर असावं असं भारतीय मानक सांगतं. इथे प्रत्यक्षात जेमतेम 30 मिलिमीटर होतं. राखाडी पट्टा सळीच्या मागे पोचला होता. सेक्रेटरी बराच वेळ तिथेच उभे होते. 2017 चा अहवाल त्यांनी नुसता वाचला होता, हा पट्टा त्यांनी बघितला.

इंजिनिअरने प्रत्येक घरात जाऊन विचारलं, आत काही तोडफोड केली आहे का. पहिल्या मजल्यावर एकांनी स्वयंपाकघराचा ओटा सरकवताना कॉलमला पाइपसाठी खाच पाडली होती. ते हसत म्हणाले, "एवढ्याने काय होतंय?" घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 ला कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांचाच मुद्दा पुढे आला होता. इंजिनिअरने ते आठवून दिल्यावर हसू थांबलं.

डिसेंबरमध्ये अहवाल आला: वर्ग सी-2 बी. जुन्या इमारतींचे चार वर्ग असतात. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-2 ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-2 बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ. सी-1 आला असता तर विषय तिथेच संपला असता. सी-2 ए आला असता तर मी स्वतः "सोडा" म्हटलं असतं. दुरुस्तीचा अंदाज 33.6 लाख: टेकू लावून चार कॉलमचं सुटं काँक्रीट काढणं, गंज घासून सळ्यांना लेप, नव्या सळ्या, मायक्रो-काँक्रीटचं जॅकेटिंग (कॉलमभोवती नवं आवरण), जिन्याचा स्लॅब, आणि संडास-बाथरूमच्या गळत्या. सगळे फ्लॅट जवळजवळ सारखे, त्यामुळे प्रत्येकी 2.1 लाख, सत्तर हजारांच्या तीन हप्त्यांत.

आता किंमत. काकांच्या मुलाशी दोनदा बसणं झालं. प्रसादला 45 च्या खाली जायचं होतं, काका 48 च्या खाली यायला तयार नव्हते. शेवटी 46.5 लाख, आणि दुरुस्तीची पूर्ण वर्गणी काकांनी भरायची. ती भरल्याशिवाय सोसायटी ना हरकत दाखला देणार नाही. मेघनाला वाटत होतं अजून ताणता आलं असतं. असेलही. पण काकांनी सभेत घेतलेली भूमिका मी डोळ्यांसमोरून काढू शकत नव्हते, आणि तसं तिला सांगितलं.

बँकेशी बोलणं मी केलं. शाखेचं म्हणणं, कॉलमचं काम पूर्ण झाल्याचं इंजिनिअरचं प्रमाणपत्र आलं की वाटप. अहवाल आणि कंत्राटदाराला दिलेली वर्क ऑर्डर दाखवून लगेच पैसे मिळतील का, असं विचारून बघितलं. नाही म्हणाले. त्या वेळी राग आला, आता वाटतं बरंच झालं: बँक थांबल्यामुळे काका थांबले, आणि काका थांबल्यामुळे सोसायटीच्या मागे रोज फोन करणारा एक माणूस राहिला.

शेवटी काय झालं

जानेवारी ते मार्च 2024 मध्ये चारही कॉलमचं जॅकेटिंग झालं. दहा आठवडे पार्किंग लोखंडी टेकूंनी भरलेलं, स्कूटर रस्त्यावर. मार्चमध्ये सँक्शनची मुदत संपत आली, पगाराच्या नव्या स्लिपा देऊन ती वाढवून घ्यावी लागली. एप्रिलमध्ये करारनामा नोंदला आणि चेक निघाला.

कर्ज 34 लाख, 15 वर्षं, हप्ता सुमारे 33,700. म्हणजे आधीच्या हप्त्यापेक्षा चारशे रुपये कमी, आणि पाच वर्षं आधी सुटका. बँक 36 पर्यंत द्यायला तयार होती, मेघनाने घेतले नाहीत. त्यासाठी पदरचे 12.5 लाख, मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी सव्वातीन लाखांवर थोडं, नोंदणीचे 30,000, असे सोळा लाख उभे केले. मूळ हिशेबात पावणेचौदा लागणार होते. फरक सासूबाईंच्या एफडीतून आला. सहा महिन्यांचं जास्तीचं भाडं 84,000 गेलं, ते वेगळं.

सगळं गोड झालं असं नाही. सोळापैकी तिघांनी वर्गणीचा शेवटचा हप्ता अजून दिलेला नाही, त्यामुळे संडास-बाथरूमच्या गळत्यांचं काम अर्धं राहिलं. पहिल्याच जुलैत मेघनाच्या मोरीच्या छताला ओल आली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, आमची पाळी आली नव्हती.

आणि पीओपीचं छत. राहायला जाण्याआधी रंगाऱ्याने पंख्याच्या हुकासाठी ते एका जागी कापलं, तर आत बीमच्या खालचं काँक्रीट हातभर लांबीचं सुटलेलं, सळई उघडी. ऑडिटच्या दिवशी इंजिनिअरने "छत असल्याने तपासता आलं नाही" असं त्या फ्लॅटपुढे लिहिलं होतं. अहवालाच्या एकोणिसाव्या पानावर. आम्ही तिघांनीही ते पान वाचलं होतं. दुरुस्तीला 38,000 लागले. बीम ही सोसायटीची जबाबदारी की छत लावणाऱ्याची चूक, यावर दोन सभा झाल्या आणि सोसायटीने निम्मे दिले. गृहकर्जासोबत काढलेला घराचा विमा यात कामाला आला नाही. हळूहळू झालेली झीज अशा पॉलिसीत सहसा धरत नाहीत. रेरा या बिल्डरांवरच्या नियमन कायद्याचंही कुणी नाव काढलं, पण तिथली संरचनेच्या दोषाची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरने ताबा दिल्यापासून मोजतात. 1989 च्या इमारतीत ती कुठून येणार?

वेगळं काय करता आलं असतं

इसार देण्याआधी फक्त पार्किंगमध्ये एक चक्कर मारली असती तरी पुरे होतं. फ्लॅट बघायला जाणारी माणसं खिडकी, ओटा, संडास बघतात. कॉलम तळमजल्यावर असतात आणि तिथे एजंट थांबू देत नाही. पावसाळ्यात घर बघितलं हे चांगलं केलं, पण ताज्या रंगाने तो फायदा घालवला. रंग बघून एक प्रश्न तरी विचारायला हवा होता.

सोसायटीकडे दोनच कागद मागायचे होते: शेवटचा ऑडिट अहवाल, आणि त्यानंतर झालेल्या कामाची बिलं. दुसरा कागद जास्त महत्त्वाचा. अहवाल 2017 चा आहे हे कळलं तेव्हा आम्ही त्याच्या वयाकडे बघितलं. रंगाचं बिल आणि कॉलमच्या दुरुस्तीचं न सापडणारं बिल शेजारी ठेवलं असतं तर सोसायटीचा स्वभाव पहिल्या दिवशी कळला असता.

छताचा एक तुकडा कापून बघायला काकांनी नाही म्हटलं नसतं, विचारलं असतं तर. पाचशे रुपयांचं काम.

दुसऱ्या पर्यायातली ती गृहवित्त कंपनी नाकारली, याबद्दल मला आजही शंका नाही. पण एक मुद्दा प्रसादचा बरोबर होता आणि मी तो उडवून लावला होता. वेगवेगळ्या बँकांचे इमारतीच्या वयाचे आणि उरलेल्या आयुष्याचे नियम वेगवेगळे असतात. अर्ज करण्याआधी, प्रोसेसिंग फी भरण्याआधी, 34 वर्षांच्या इमारतीला तुम्ही किती मुदत देता हे तीन शाखांत तोंडी विचारता आलं असतं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. मी जुन्या सवयीने माझ्याच ओळखीच्या बँकेचं नाव सांगितलं.

वर्गणीबाबत एक राहिलं. काकांनी स्वतःचे 2.1 लाख भरले याची पावती आम्ही घेतली, पण बाकी पंधरा जणांनी किती भरले ते विचारलं नाही. वर्गणी थकवणारे तिघं तेव्हाच दिसले असते, आणि मोरीची ओलही त्या हिशेबात धरता आली असती.

मेघना आता सोसायटीच्या कमिटीवर आहे. वर्गणी थकवलेल्या तिघांना तिने नोटीस काढायला लावली आहे, कन्व्हेयन्सची फाइल वकिलाकडे दिली आहे. पुढचं ऑडिट डिसेंबर 2026 मध्ये. तिने त्याची तारीख पार्किंगमधल्या फळ्यावर, पाण्याच्या वेळापत्रकाच्या खाली, तेलरंगाने लिहून ठेवली आहे. सेक्रेटरींनी खडूने लिहा म्हटलं होतं.